टोरोंटोतील हरवलेला पाठ

मधुमेहाच्या संशोधनाचा विषय निघाला की आपल्या चर्चासत्रांतून बँटिंग आणि बेस्ट ही दोन नावे हमखास घेतली जातात. ज्यांच्या हातून इन्सुलिन प्रथम रुग्णास देण्यायोग्य झाले, त्या जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. औषधे सिद्ध करणारे वैद्य व फार्मसीचालक यांना या मंडळींत सर्वांत जवळचे वाटावेत ते कॉलिपच. कारण त्यांचा सारा झगडा औषधाच्या पाठाशी होता.

१९२१ च्या मे महिन्यात टोरोंटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांच्या विभागात फ्रेडरिक बँटिंग हे शल्यविद व चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची रक्तशर्करा स्वादुपिंडाच्याच अर्काने उतरते, असे त्यांना दिसले. डिसेंबरात कॉलिप त्यांना येऊन मिळाले.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो जनरल रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास बँटिंग-बेस्ट यांनी केलेला अर्क टोचण्यात आला. मुलाचे वजन अवघे ६५ पौंड होते. शर्करा ४४० वरून ३२० मिलिग्रॅमवर आली खरी. पण मूत्रातील कीटोन द्रव्ये गेली नाहीत, आणि सुईच्या जागी गळू झाले. उपचार थांबवावे लागले.

हा मुलगा म्हणजे चरकोक्त कृश प्रमेही, दुर्बल व क्षीण. चरकाचार्यांनी अशा रुग्णास बृंहण सांगितले आहे. त्या काळी अमेरिका खंडात मात्र अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर ठेवीत. दुसरे हाती काही नव्हतेच. सुश्रुतांनी सहज प्रमेह निराळा मानला, त्यातील मर्म येथे प्रत्ययास येते. (आजही एखादे पालक अशा बालकाचे इन्सुलिन बंद करून चूर्ण मागावयास येतात. त्यांना स्पष्ट नकार देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. इन्सुलिन तुटल्यास असे बालक काही दिवसांतच दगावू शकते.)

कॉलिप यांनी अल्कोहोलचे प्रमाण पायरीपायरीने वाढवीत नेले. एका मर्यादेपर्यंत अनिष्ट प्रथिने खाली बसत, वीर्यवान अंश द्रावात राही. ९० टक्क्यांच्या किंचित वर जाताच तो वीर्यवान अंशच खाली बसे. प्रत्येक घाण्याची परीक्षा ते निरोगी सशावर करीत. मात्रा अधिक झाली की सशास झटके येत, आणि साखर देताच तो सावरे. २३ जानेवारीपासून थॉम्प्सनला हा शुद्ध अर्क मिळू लागला. शर्करा ५२० वरून १२० वर आली, कीटोन नाहीसे झाले.

येथे कथा संपावयास हवी होती. परंतु मोठ्या प्रमाणावर अर्क काढावयास घेतला आणि त्याच वसंत ऋतूत कॉलिप यांच्या हातून औषध होईनासे झाले! तेच स्वादुपिंड, तेच अल्कोहोल, तोच माणूस, आणि भांड्यात निर्वीर्य द्रव. कित्येक आठवडे पुरवठा जवळजवळ खुंटला. ज्या रुग्णालयात नवजीवनाची वार्ता पसरली होती, तेथेच रुग्णांना देण्यास औषध नव्हते.

ज्यांनी दोन शेरांचा काढा उत्तम साधल्यावर दोनशे लिटरच्या कढईत तोच काढा बिघडताना पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. भांडे मोठे झाले की आच बदलते, आटण्यास लागणारा वेळ बदलतो. म्हणजेच संस्कार बदलतो. टोरोंटोतही अल्कोहोल उडवताना लागणारी उष्णता कळीची ठरली. अखेर मे महिन्याच्या सुमारास उथळ तबकांत अर्क पसरून वरून कोमट हवेचा झोत सोडण्याची युक्ती उपयोगी पडली व औषध पुन्हा हाती आले. त्याच महिन्याच्या अखेरीस एली लिली या कंपनीशी उत्पादनाचा करार झाला.

मात्रेचे एककही सशावरूनच ठरले : २४ तास उपाशी असलेल्या २ किलो वजनाच्या सशाची शर्करा ४५ मिलिग्रॅमपर्यंत उतरविणारे प्रमाण. किती औषध घेतले यापेक्षा त्याने किती कार्य केले, यावर मोजणी! आपल्या विजयसाराच्या वा गुडमारच्या घाण्यास असे कार्यमापन लावणाऱ्या किती फार्मसी आहेत, हे प्रत्येक चालकाने स्वतःच्या नोंदवहीत पाहावे.

१९२३ मध्ये बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मॅक्लिऑड यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम कॉलिप यांना दिली. थॉम्प्सन १९३५ पर्यंत जगला.