शिष्यवृत्ती मिळेल, मार्गदर्शक कोण देणार?

1921 साली अटलांटिक महासागराच्या दोन काठांवर दोन माणसांनी अर्थशास्त्रातल्या मोठ्या पदव्या मिळवल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर एम.एस्सी. झाले. त्याच वर्षी फिलाडेल्फिया शहरात सेडी टॅनर मॉसेल या कृष्णवर्णीय तरुणीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिचा विषय होता दक्षिणेतून पोट भरण्यासाठी फिलाडेल्फियात आलेल्या शंभर कृष्णवर्णीय कुटुंबांचे राहणीमान.

पुढे काय झाले? एवढी पदवी हातात असूनही अर्थतज्ज्ञ म्हणून तिला विद्यापीठात जागा मिळाली नाही. कृष्णवर्णीयांच्याच एका विमा कंपनीत तिने काही काळ काम केले आणि अखेर कायद्याकडे वळून 1927 साली ती वकील झाली. सेडी अलेक्झांडर या नावाने पुढे ती नागरी हक्कांची मोठी पुरस्कर्ती म्हणून गाजली. पण अर्थशास्त्राने तिला गमावले ते गमावलेच.

आपल्या वाचकांना ही कहाणी परकी वाटणार नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले बाबासाहेब 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या विद्वान अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. राजाने शिष्यवृत्ती दिली, परंतु राजाच्या नगरीने छप्पर दिले नाही. पदवी देणे वेगळे आणि पेशात माणसासारखी जागा देणे वेगळे. हा फरक ज्याला कळला त्यालाच आजच्या प्रश्नाचे मूळ कळेल.

बाबासाहेबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. कोलंबियात त्यांना प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे जगन्मान्य पंडित. बाबासाहेबांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाला (1925) त्यांनी प्रस्तावना लिहिली. लंडनमध्ये प्रा. एडविन कॅनन यांनी रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला (1923) प्रस्तावना लिहिली, तीही बाबासाहेबांच्या काही मतांशी आपण सहमत नाही हे सांगत. विद्यार्थ्याशी मतभेद असूनही त्याच्या ग्रंथामागे आपले नाव उभे करणे, याला म्हणतात मार्गदर्शन. बाबासाहेबांची बुद्धी आणि अठरा-अठरा तासांचा अभ्यास हे त्यांचे स्वतःचे. पण त्या बुद्धीला विद्वानांच्या सभेत ओळख करून देणारा कुणीतरी लागतो, हेही तितकेच खरे.

हेच सेलिग्मन अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक होते आणि 1902 ते 1904 या काळात तिचे अध्यक्ष होते. 1885 साली स्थापन झालेली ही अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांची सर्वात मोठी संघटना. पण आपल्या सभेत कृष्णवर्णीय इतके कमी का दिसतात, हा प्रश्न या संघटनेने गांभीर्याने घ्यायला 1960 चे दशक संपत यावे लागले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ते 1968 साल. त्याच वर्षी संघटनेने अल्पसंख्याक गटांच्या स्थितीसाठी समिती नेमली. 1969 साली कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञांनी स्वतःची वेगळी संघटना उभारली. तीच पुढे नॅशनल इकॉनॉमिक असोसिएशन म्हणून ओळखली गेली. बाहेर चळवळ पेटली, आत संघटित आवाज उठला, तेव्हा कुठे दार किलकिले झाले. दया म्हणून कुणी काही दिले नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

त्यातून 1974 साली एक उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना आपण नीट समजून घेण्यासारखी आहे. पदवीचे शिक्षण घेणाऱ्या किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या, वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे दोन महिने एका विद्यापीठात ठेवायचे. त्यांना गणित, सूक्ष्म अर्थशास्त्र, अर्थमिती आणि संशोधनाची पद्धत शिकवायची. ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांचा वर्ग वेगळा, ज्यांची तयारी पुढे गेली आहे त्यांचा वेगळा. शेवटी प्रत्येकाने संशोधन करून ते सर्वांसमोर मांडायचे. राहण्याजेवणाची सोय आणि वर विद्यावेतन. कारण गरीब घरचा मुलगा उन्हाळ्यात मजुरी करतो; त्याला फुकट शिकवतो म्हटले तरी त्याची दोन महिन्यांची मजुरी कोण भरून देणार?

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा कार्यक्रम एकाच विद्यापीठाच्या मालकीचा झाला नाही. ठरावीक वर्षांसाठी एका विद्यापीठाकडे यजमानपद द्यायचे आणि मग दुसऱ्याकडे. 2016 ते 2020 या काळात तो मिशिगन स्टेट विद्यापीठात होता आणि 2021 साली कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक हॉवर्ड विद्यापीठाकडे गेला. यजमान बदलला, पण नियम आणि नोंदी चालू राहिल्या. एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि कार्यक्रम बंद पडला, असे झाले नाही. आपल्याकडे किती उपक्रम एका माणसाच्या तळमळीवर उभे राहतात आणि त्या माणसाबरोबरच संपतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

या खटाटोपाचा उपयोग झाला का? नोंदी ठेवल्या होत्या म्हणूनच याचे उत्तर देता येते. चार्ल्स बेकर, सेसिलिया राऊज आणि मिंग्यू चेन यांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. या कार्यक्रमात आलेले विद्यार्थी पीएच.डी.ला प्रवेश घेण्याची आणि ती पूर्ण करण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. त्याआधीच्या वीस वर्षांत अमेरिकेतील अल्पसंख्याकांना मिळालेल्या अर्थशास्त्राच्या पीएच.डीं.पैकी 17 ते 21 टक्के या एका कार्यक्रमामुळे थेट घडल्या असाव्यात, असा त्यांचा हिशेब आहे. यातल्या सेसिलिया राऊज स्वतः कृष्णवर्णीय. 2021 साली त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती त्याच. सेडी अलेक्झांडरला पदवी मिळून तोवर शंभर वर्षे झाली होती.

पीएच.डी. झाली म्हणजे झाले, असेही नाही. खरी गळती त्यानंतर सुरू होते. कोणत्या नियतकालिकाकडे लेख पाठवावा, नाकारला तर काय करावे, अनुदानाचा अर्ज कसा लिहावा, शिफारसपत्र कुणाकडून घ्यावे, या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात. प्रस्थापितांच्या घरी त्या जेवताना बोलल्या जातात. महिला अर्थतज्ज्ञांसाठी याच संघटनेने 2004 पासून मार्गदर्शन शिबिरे घेतली. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून सोडत काढली. सोडतीमुळे ज्यांना जागा मिळाली आणि ज्यांना नाही, त्यांची प्रामाणिक तुलना करता आली. ज्येष्ठ महिला प्राध्यापकांनी दोन दिवस बसून नव्या प्राध्यापिकांचे लेख वाचले, चुका दाखवल्या, वाट सांगितली. एवढेच ते शिबिर. पाच वर्षांनी पाहिले तर 2004 च्या शिबिरात आलेल्यांचे सरासरी तीन शोधनिबंध जास्त प्रसिद्ध झाले होते आणि अव्वल नियतकालिकात लेख छापून येण्याचे त्यांचे प्रमाण 25 टक्के बिंदूंनी अधिक होते. दोन दिवसांनी बुद्धी वाढत नसते. ती आधीच होती; वाट ठाऊक नव्हती.

आता कुणी विचारेल, संशोधन हे संशोधन असते, ते कोण करतो याने काय फरक पडतो? फरक पडतो. आकडे सर्वांसाठी सारखे असतील, पण कोणता प्रश्न विचारायचा हे ज्याच्या त्याच्या जगण्यावरून ठरते. 1918 साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. इतर विद्वान तुकडे जोडण्याचे मार्ग शोधत असताना त्यांनी विचारले की या जमिनीवर रिकाम्या बसलेल्या हातांचे काय? जमिनीचा आकार किती, यापेक्षा तिच्यावर किती माणसे आणि किती भांडवल आहे हे महत्त्वाचे, आणि खरा उपाय औद्योगिकीकरण, असे त्यांनी मांडले. भूमिहीन मजुराला जवळून पाहिलेल्या माणसालाच हा प्रश्न आधी दिसतो. 2007 साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फक्त नावे बदलली. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. गुणवत्तेच्या बाजारात जात चालते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत होतो. ते आकड्यांत मांडायला अर्थतज्ज्ञ लागला.

मग असे अर्थतज्ज्ञ आपल्याकडे पिढीमागून पिढी का तयार होत नाहीत? परभणी-नांदेडकडचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. मराठी माध्यमातून शिकलेला, बारावीला कला शाखा घेतलेला, एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेला. दिल्ली-मुंबईच्या नामांकित संस्थेत तो राखीव जागेवर पोहोचतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर कलनशास्त्र आणि इंग्रजी शोधनिबंध येऊन पडतात. वर्गातली इतर मुले हे आधीच शिकून आलेली असतात. दोन वर्षांत तो गप्प होतो आणि स्पर्धा परीक्षेकडे वळतो. मग हेच लोक म्हणतात, पाहा, आरक्षणाने गुणवत्ता येत नाही! अहो, दाराच्या आत घेतले, पण उंबरठ्यावर हात कुणी दिला?

शिष्यवृत्तीचीही सुरक्षित अवस्था नाही. 2022 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळले. 2023 साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले. शिष्यवृत्तीसाठी लढावेच लागेल, त्याला पर्याय नाही. पण लढाई फक्त रकमेपुरती राहिली तर उद्या रक्कम मिळूनही मुलगा एकटाच राहील.

अमेरिकेकडूनच धोक्याचा धडाही घ्यावा. 2023 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली आणि 2025 साली आलेल्या ट्रम्प सरकारने विविधतेच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढून अनुदानांवर घाला घातला. पन्नास वर्षे चालवूनही तिथल्या अर्थशास्त्रात कृष्णवर्णीयांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फारच थोडा आहे. म्हणजे काम अर्धवट आणि पैसा दुसऱ्याच्या हातात. सरकारी अनुदान हा आपला हक्कच आहे, तो मागायचाच. पण कार्यक्रमाचा सगळा श्वास त्यावर ठेवायचा नाही.

मग करायचे काय? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1953 साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयांच्या खोल्या रिकाम्याच असतात. वर्षाला तीसच मुले-मुली घ्या, निम्म्या मुली घ्या. दोन महिने गणित, अर्थमिती, संगणक आणि इंग्रजी लेखन शिकवा. घरची मजुरी बुडते तेवढे विद्यावेतन द्या. प्रत्येकाला दोन माणसे नेमून द्या. एक विषयातला जाणकार आणि एक आपल्यातूनच पुढे गेलेला, जो पाच वर्षे दर महिन्याला फोन करील. निवड झालेल्यांची नोंद ठेवा, न झालेल्यांचीही ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी आपले काम खरे की दिखाऊ हे आपल्यालाच कळेल. आणि यजमान संस्था दर पाच वर्षांनी बदला, म्हणजे कार्यक्रम कुणाची जहागीर होणार नाही.

यासाठी लागणारा पैसा आपल्याकडे नाही, असे म्हणू नये. बँकांत, विमा महामंडळात, विद्यापीठांत, सचिवालयात आपले हजारो लोक चांगल्या पगारावर आहेत. जयंतीच्या मिरवणुकीतील डीजेवर एका रात्रीत जे उडते, त्यात एका विद्यार्थ्याचा उन्हाळा निघेल. जयंती जरूर साजरी करा, पण ज्या महापुरुषाची जयंती करतो तो अर्थशास्त्राचा डॉक्टर होता, हे त्या दिवशी तरी आठवा.

1913 साली एका महाराजाने एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती दिली. त्या विद्यार्थ्याने देशाला काय दिले, हे जगाला माहीत आहे. आज आपल्याला महाराजाची वाट पाहण्याची गरज नाही. सेलिग्मन मात्र हवेत, आणि ते आपल्यातूनच उभे राहावे लागतील. जो नोकरीला लागला, जो प्राध्यापक झाला, ज्याने पीएच.डी. केली, त्याने या उन्हाळ्यात एका तरी मुलाचा लेख वाचावा, त्यातल्या चुका लाल शाईने दाखवाव्यात आणि शेवटी त्याच्या मागे आपले नाव उभे करावे. सुरुवात एवढ्यानेही होईल.