दोन केबिनी कापून एक

अमेरिकेत शेवरोले कंपनीने मोठ्या पिकअप ट्रकला दोन दारांची लांब केबिन १९८८ च्या मॉडेलात दिली. त्याआधीच्या जुन्या शेवरोलेत बायकापोरांना मागे बसवायचे, तर तिथले हौशी लोक घरच्या शेडमध्येच दोन केबिनी कापून एक लांब केबिन जुळवतात.

कापण्याआधी आतून लोखंडी पाइपांचा आधार वेल्ड करतात. नाहीतर दाराची चौकट सरकते आणि दार नीट लागत नाही. जोडही एका दमात ओढत नाहीत. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये पत्रा निवू द्यायचा. घाई केली की पत्रा वाकलाच!

आमच्या वस्तीतल्या डेंटिंगवाल्या पोरांना हे नवे नाही. तिथे हा छंद. इथे तेच काम करणारा पोरगा वर्षानुवर्षे ‘हेल्पर’. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. पालकांनो, आय.टी.आय.चा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास चालतो. हात बसलेल्या पोराचा अर्ज भराच.

आणि पोरांनो, आपल्याकडे गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आडवे येते. गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी आर.टी.ओ.त विचारल्याशिवाय केबिनला कटर लावू नका.