स्थानिक संस्था आणि अनुदानाची वाट : बागलाणच्या निमित्ताने

बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सटाणा हे देव मामलेदारांचे गाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. यशवंत महादेव भोसेकर हे येथे मामलेदार असताना १८७०-७१ मध्ये दुष्काळ पडला आणि त्यांनी सरकारी खजिन्यातील रक्कम अन्नाला महाग झालेल्या रयतेस वाटून टाकली. ही रक्कम एक लाख सत्तावीस हजार रुपये होती आणि पुढे तपासणी झाली तेव्हा खजिना जसाच्या तसा भरलेला आढळला, असे लोकपरंपरा सांगते. आज शासनाचा पैसा लेखाशीर्षानुसार, ठरलेल्या प्रयोजनासाठी आणि ठरलेल्या पद्धतीनेच खर्ची पडतो. त्या कथेच्या उत्तरार्धावर विसंबून राहण्याची सोय आजच्या लेखापरीक्षणात नाही.

वाचनालये, महिला मंडळे, व्यायामशाळा, तरुण मंडळे यांचे कार्यकर्ते तालुक्याच्या कचेरीत येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न “अनुदान कोठे मिळेल?” हा असतो. वास्तविक त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे की, आलेले अनुदान स्वीकारण्यास आपली संस्था कायद्याने व हिशेबाने सिद्ध आहे काय? योजनेच्या शोधापेक्षा या सिद्धतेच्या अभावीच पुष्कळ संस्थांचे काम अडते, असे म्हणावे लागते.

ग्रंथालयांचा धडा

खेड्यातील स्वयंसेवी संस्थेस नियमित शासकीय अनुदान कसे मिळते, याचे सर्वांत जवळचे उदाहरण सार्वजनिक ग्रंथालयांचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्याखाली राज्यातील हजारो ग्रंथालये मान्यता पावली असून ती शासन स्वतः चालवीत नाही. ती गावातील संस्था चालवितात. अ, ब, क आणि ड अशा वर्गांत त्यांची विभागणी होते व वर्गानुसार परिरक्षण अनुदान दिले जाते. २०२२ मध्ये या अनुदानात साठ टक्के वाढ करण्यात आली, तेव्हा ड वर्गाची वार्षिक रक्कम ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर गेली.

या योजनेची रचना समजून घेण्याजोगी आहे. संस्थेच्या मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतच अनुदान मिळते. उरलेला दहावा हिस्सा संस्थेने स्वतः उभा करावयाचा असतो. म्हणजे ४८ हजार रुपये पूर्ण मिळवावयाचे तर संस्थेने सुमारे ५३ हजारांचा मान्य खर्च दाखविला पाहिजे आणि त्यातील पाच हजारांवर रक्कम वर्गणी, देणगी यांतून आणली पाहिजे. अनुदानाचा निम्मा भाग सेवकांच्या वेतनासाठी असतो. ४८ हजारांचा निम्मा भाग बारा महिन्यांत विभागला तर महिन्याकाठी दोन हजार रुपये होतात. तेवढ्यावर दररोज दार उघडणारा ग्रंथपाल टिकून राहावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. शिवाय अनुदान हप्त्यांनी येते, आणि हप्ता येईपर्यंत वीजबिल थांबत नाही. म्हणून ज्या वाचनालयाच्या मागे गाव उभे आहे तेच टिकते. केवळ अनुदानासाठी स्थापन झालेले वाचनालय कपाटाच्या कुलपातच राहते.

ग्रंथखरेदी व अन्य साहाय्यासाठी १९७२ मध्ये स्थापन झालेले कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान हे दुसरे साधन आहे. त्याच्या काही योजनांत राज्याचा हिस्साही असतो. त्यासाठी मार्गदर्शन जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळते.

स्वतःचा हिस्सा उभा करण्याची गोष्ट बागलाणला नवी नाही. मोसम व आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या पाण्यावर येथे फड पद्धतीची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बंधारा व पाट यांची डागडुजी लाभधारक करीत; पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांचा मोबदलाही तेच देत. कोणाच्या शेताला केव्हा पाणी, याचा निर्णय गावात होई. या व्यवस्थेला अनुदान नव्हते. पण वर्गणी होती, नियम होते आणि नियम मोडणाऱ्यास विचारणारे लोक होते. अनुदान देणारी कोणतीही यंत्रणा संस्थेकडे याहून वेगळे काही मागत नाही. फक्त ते कागदावर मागते.

कागद कोणते?

सात किंवा अधिक व्यक्तींनी मिळून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी करावयाची आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली विश्वस्तव्यवस्था म्हणूनही नोंद करून घ्यावयाची, अशी महाराष्ट्रातील सर्वसाधारण रीत आहे. ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या अधिपत्याखालील नाशिक येथील कार्यालयात होतात. बहुतेक संस्था येथवर येतात. अडचण पुढे सुरू होते.

पदाधिकारी बदलले की त्याचा फेरफार अहवाल नव्वद दिवसांच्या आत सादर करावयाचा असतो. अनेक संस्थांत तो वर्षानुवर्षे सादर होत नाही. निवडणूक होते, सत्कार होतो, पेढे वाटले जातात. परंतु परिशिष्टावर जुन्याच विश्वस्तांची नावे राहतात, आणि त्यांपैकी काही हयातही नसतात. अशा वेळी अर्जावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार कोणास, हेच ठरत नाही. बँक खाते अडते आणि मंजुरीच्या उंबरठ्यावर आलेला प्रस्ताव परत जातो. गावातील शिक्षकांनी या एका गोष्टीत संस्थांना साहाय्य केले तरी मोठे काम होईल.

त्याबरोबरच कीर्द, खतावणी, पावतीपुस्तके, जडसंग्रह नोंदवही व वार्षिक लेखापरीक्षण हे सर्व यथास्थित असावे. अनुदानाची रक्कम ज्या कामासाठी आली त्याच कामावर खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. पुस्तकांचे पैसे मंडपाला आणि मंडपाचे पैसे पुस्तकांना, हा व्यवहार सद्हेतूने केला तरी तो दोषच ठरतो व पुढील हप्ता थांबतो.

अन्य मार्ग

बचत गटांना विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदणीची गरज नाही. २०११ पासून कार्यरत असलेल्या ‘उमेद’ अभियानातून त्यांना फिरता निधी व बँक कर्जाची जोड मिळते. महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ पासून या क्षेत्रात आहे.

बागलाणचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय शासनाने २०१५ मध्ये घेतला. हा पैसा मंडळांच्या नव्हे, ग्रामसभेच्या निर्णयाने खर्च होतो. आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, जलसंधारण ही कामे त्यात बसतात. तेव्हा मंडळाने स्वतंत्र अर्ज घेऊन हिंडण्यापेक्षा ग्रामसभेत काम सुचविणे अधिक फलदायी ठरते.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे आणि आपल्या परिसरास प्राधान्य द्यावयाचे आहे. सातपूर व अंबड येथील कारखानदारी नाशिक जिल्ह्यातच असल्याने हा मार्ग अगदी दूरचा नाही. मात्र त्यासाठी संस्थेची आयकर नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी आणि सामान्यतः तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. केंद्र शासनाच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. विदेशी देणग्यांचे नियम २०२० च्या दुरुस्तीनंतर अधिक कडक झाले असून लहान संस्थेने त्या वाटेस जाऊ नये, असे आमचे मत आहे.

पंचायत सदस्यांकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. ग्रामपंचायतीच्या मालकीची खोली वाचनालयास वा मंडळास वापरण्यास दिली असल्यास तसा ठराव लेखी करून त्याची प्रत संस्थेस द्यावी, कारण जागेचा पुरावा बहुतेक अर्जांसोबत मागितला जातो. आणि ३१ मार्चला वर्ष संपल्यावर गावातील संस्थांनी आपला जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा, अशी विनंती त्यांना करावी.