वसाहत, छावणी आणि रूमशाम

इ.स. ६० किंवा ६१ मध्ये ब्रिटनमधले कॅमुलोडूनम हे गाव बूडिका राणीच्या सैन्याने जाळून टाकले. आजचे कोलचेस्टर ते हेच. जेमतेम बारा वर्षांपूर्वी, इ.स. ४९ मध्ये, रोमने तिथे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवले होते. इतिहासकार टॅसिटस हा स्वतः रोमन, पण तो आपल्या माणसांची बाजू सावरत नाही. या सैनिकांनी ट्रिनोव्हांटीज जमातीला घरांतून हाकलले, त्यांची शेते बळकावली, वर त्यांना गुलाम म्हणून हिणवले, असे तो लिहितो. गावात सम्राट क्लॉडियसचे देऊळ होते आणि त्याच्या पूजाअर्चेचा खर्च स्थानिकांच्या माथी मारला होता. गाव पेटल्यावर सैनिक त्याच देवळात शिरले, दोन दिवस तग धरून राहिले आणि मारले गेले.

अशा गावाला लॅटिनमध्ये कोलोनिया म्हणत. शब्द शेतीतला. कोलेरे म्हणजे कसणे, कोलोनस म्हणजे कसणारा. गाव वसवताना बैल आणि गाय एकाच जुवाला जुंपून हद्दीवर नांगराचे तास काढायचे, वेस जिथे यायची तिथे नांगर उचलून धरायचा, असा विधी रोमन लेखकांनी नोंदवून ठेवला आहे. मग मोजणीदार जमिनीचे चौकोनी तुकडे पाडत आणि चिठ्ठ्या टाकून ते वाटले जात. कागदोपत्री सारे नेटके. ती जमीन आधी कोण कसत होते, एवढाच प्रश्न उरत असे. आपल्या पत्त्यातली साधी कॉलनी आणि इतिहासाच्या पुस्तकातला वसाहतवाद एकाच शब्दाच्या पोटातून निघाले, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. नांगर आणि तलवार त्या शब्दात पहिल्यापासून एकत्र होती.

ऱ्हाइन नदीकाठच्या अशाच एका गावाला इ.स. ५० मध्ये कोलोनियाचा दर्जा मिळाला, कारण क्लॉडियसची राणी अग्रिपिना तिथे जन्मली होती. गावाचे लांबलचक नाव कालांतराने झिजले आणि नुसते कोलोनिया उरले. जर्मनीतले कोलोन ते हेच. आपल्याकडे ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवत, त्या बाटलीवरही याच गावाचे नाव. स्पेनमधले मेरिदा इ.स.पू. २५ मधले. ‘एमेरिटस’ म्हणजे सेवा पुरी करून सुटलेला सैनिक. त्याच्यासाठी वसवलेले गाव म्हणून एमेरिटा. हा किताब आता विद्यापीठातल्या निवृत्त प्राध्यापकांकडे आला आहे.

रोमन इतिहास सम्राटांच्या यादीने सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. साम्राज्य खरे घडत होते ते अशा वसत्यांमध्ये. जमीन कुणाला, हक्क कोणता, कर कुणावर, हे तिथे ठरत होते. शिवाय सगळी गावे सारखी नव्हती. कोलोनियाच्या खालोखाल म्युनिसिपियम. तिथे बाहेरून कुणी आणून वसवलेले नसे. जुनेच गाव रोमच्या कायद्याखाली आलेले असे. ‘मुनुस’ म्हणजे अंगावर असलेले कर्तव्य आणि ते स्वीकारणाऱ्यांचे गाव म्हणजे म्युनिसिपियम. मुंबई-पुण्याच्या बोलण्यातल्या मुन्शिपाल्टीचे घराणे हे असे जुने आहे.

या गावांचा कारभार कसा चाले, ते स्पेनमध्ये १९८१ साली सेव्हिलजवळ सापडलेल्या काशाच्या पत्र्यांवरून कळते. इर्नी नावाच्या एका अगदी सामान्य गावाचा तो कायदा. गावसभेत ६३ सदस्य. इमारत पाडायची आणि वर्षभरात पुन्हा बांधायची नसेल, तर सभेची परवानगी हवी. सार्वजनिक कामासाठी माणसाला राबवायचे, पण वर्षाला पाच दिवसांहून जास्त नाही. पदाधिकाऱ्याची मुदत संपली की तो घरच्यांसह रोमन नागरिक होई. हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तलवारीने जिंकलेल्या माणसाला गावकीच्या कामातून आपलेसे करण्याची ही युक्ती होती आणि ती शतकानुशतके चालली.

तिसरी वसती छावणीची, कास्त्रा. इंग्लंडच्या नकाशावर मँचेस्टर, लँकेस्टर, चेस्टर ही नावे दिसतात तिथे तिथे रोमन ठाणे असायचे. फौजेच्या मागोमाग व्यापारी, कारागीर, बायकामुले येत आणि कोटाबाहेर झोपड्या-दुकानांची ओळ उभी राही. तिला कानाबे म्हणत. पुण्याच्या कँपात लष्कराशेजारी सदर बाजार कसा वाढला हे माहीत असणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगायला नको. अशाच एका ठाण्यावर, सम्राट हेड्रियनच्या भिंतीजवळच्या साउथ शील्ड्सला, दुसऱ्या शतकातला एक थडग्याचा दगड आहे. रेजिना ही दक्षिण ब्रिटनमधली बाई. आधी दासी, मग मुक्त, मग पत्नी. नवरा बराटेस हा सिरियातल्या पामिराचा. दगडावर लॅटिन मजकूर आहे आणि त्याखाली त्याच्या मायबोलीतली शोकाची एक ओळ. दोघांपैकी कुणाचेही रोम शहराशी रक्ताचे नाते नाही, आणि तरी हा दगड पक्का रोमन आहे.

छावणीचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करू. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे, असे आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सर्रास छापतात. इंग्रजीतला पगाराचा शब्द लॅटिनमधल्या मिठाशी जोडलेला आहे हे खरे; पण मीठच पगार म्हणून दिल्याचा पुरावा नाही. त्यांना नाणी मिळत. त्यातल्या देनारियसचे नाव पुढे संस्कृतमध्ये दीनार होऊन गुप्तकालीन लेखांत आले. मैल मात्र निःसंशय सैन्याच्या चालीतला: हजार दुहेरी पावले.

राजपदाच्या शब्दांची गोष्ट थोडक्यात. इम्पेरियम म्हणजे अधिकाऱ्याचा हुकूम देण्याचा हक्क. त्या हुकमाखालच्या मुलखाला ते नाव नंतर चिकटले. सीझर हे तर एका घराण्याचे आडनाव. त्यातून जर्मनांचा कैसर, रशियाचा झार. पहिल्या महायुद्धाने १९१७-१८ मध्ये दोघांनाही खाली उतरवले. त्याआधी १८७७ साली व्हिक्टोरिया राणी कैसर-ए-हिंद झाली होती.

पण ‘रोमन’ या शब्दाइतका लांबचा प्रवास कुणाचाच नाही. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले. आता रोमन असणे म्हणजे रोमचे असणे राहिले नाही. ३३० मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपलला गेली. ग्रीक बोलणारी तिथली प्रजा स्वतःला रोमनच म्हणत राहिली. अरब-तुर्कांनी त्या मुलखाला रूम म्हटले. कवी जलालुद्दीन ‘रूमी’ झाला तो तिथे, आजच्या तुर्कस्तानात, राहिला म्हणून. तोच शब्द दख्खनेत उतरला. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली, ती मुहम्मद बिन हसन रूमीने. जुन्या मराठी लिखाणात दूरच्या बलाढ्य पातशाहीसाठी ‘रूमशाम’ येते. त्यातला रूम हा तुर्कांचा मुलूख, शाम म्हणजे सिरिया. काष्ठौषधींच्या दुकानातली रुमी मस्तकी म्हणजे एजियन समुद्रातल्या किऑस बेटावरच्या झाडांचा डिंक. तिच्या नावातही हेच रोम.

१९१२ मध्ये ग्रीक आरमाराने लेम्नोस बेट तुर्कांकडून घेतले, तेव्हाची एक आठवण त्या बेटावर जन्मलेले इतिहासकार पीटर कारानिस यांनी सांगितली आहे. गावची मुले ग्रीक सैनिकांना पाहायला जमली. काय बघता, असे सैनिकांनी विचारले. ग्रीकांना बघतोय, मुले म्हणाली. तुम्ही ग्रीक नाही का? नाही, आम्ही रोमन.

कॉन्स्टँटिनोपलच्या या रोमन लोकांच्या राज्याला ‘बायझंटाइन’ म्हणायची चाल पाडली ती हिरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाने, १५५७ साली, म्हणजे ते राज्य बुडून शंभर वर्षे उलटल्यावर. त्या राज्यात जगले त्यांच्यापैकी कुणीही स्वतःला या नावाने ओळखले नसते. नाव वापरायला सोपे आहे, ते टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण मराठीत इतिहास लिहिणाऱ्यांना आणि शाळेत शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. ४७६ मध्ये रोमन साम्राज्य संपले, असे एका वाक्यात सांगून पुढे जाऊ नका. त्या वर्षी पश्चिमेतला सम्राट गेला. पूर्वेतला शेवटचा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन अकरावा २९ मे १४५३ रोजी आपल्या शहराच्या तटावर लढताना पडला. दोन्ही तारखा मुलांना सांगा.