लोंबत्या पायांना टेकू

पोलादपूरहून मुंबईला निघालेल्या एसटीत कमी उंचीच्या आजीचे पाय खाली टेकत नाहीत. सीटची कड गुडघ्यामागच्या शिरांवर दाबते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. बसून राहिलं की हा पंप थंडावतो. महाड, माणगाव करत पेण येईपर्यंत चपलेचा पट्टा रुतू लागतो.

जुन्या आरामखुर्चीने यावर फार सुंदर तोड काढली होती: हातांखालच्या लाकडी पट्ट्या पुढे फिरवायच्या, त्यांवर पाय टाकायचे. एसटीत तेवढी जागा कुठली! तिथे पायांखाली भरलेली पिशवी घ्यावी, मांड्या आडव्या राहतील इतकीच उंच. अधूनमधून टाचा उचलाव्यात. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.