‘मोटार गेली’ हा निकाल

वॉशिंग मशीन फिरेनासं झालं की घरातलं कुणीतरी प्लग काढून परत लावतं, टायमरची खुंटी दोनदा फिरवून बघतं आणि निकाल देऊन मोकळं होतं: मोटार गेली. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात हा निकाल पटकन तोंडी यावा यात नवल नाही. इथे मोटार म्हणजे आधी विहिरीवरची मोटार. ती जळते, ती वर काढावी लागते, परभणीला नाहीतर जिंतूरला ‘भरायला टाकावी’ लागते, आणि तोवर पीक वाळत उभं असतं. दोन-तीन पिढ्यांनी ही कसरत केली आहे. त्यामुळे मागाहून घरात आलेल्या कपडे धुण्याच्या यंत्रालाही तेच वाक्य वारशाने मिळालं. गेल्या तीसेक वर्षांचा हिशेब मांडला तर मला असं दिसतं की वाक्य तेवढं आपण शेतातून घरात आणलं, त्यामागचं ज्ञान मात्र विहिरीवरच राहिलं. ते ज्ञान घरात आलं असतं, तर मोटारीवर शेवटी संशय घेतला असता.

या भागातल्या विजेचा प्रवास आधी बघायला हवा. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960 चं. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण झालं, त्याच्या पायथ्याचं साडेबावीस मेगावॅटचं वीजघर 1968 पासूनचं. (वीजघर उशाशी असूनही अंधारात बसावं लागतं, हा अनुभव मात्र या जिल्ह्याला पुढे भरपूर आला.) 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. राज्याच्या ग्रामीण भागाने बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं ते याच सुमाराला. गावाला रात्री निदान दिवे-पंखे मिळावेत म्हणून थ्री फेज बंद ठेवून सिंगल फेज देण्याची पद्धत आली. गावकऱ्यांनी संध्याकाळी पंप स्वतःहून बंद ठेवावेत म्हणून ‘अक्षय प्रकाश’ योजना आली, पुढे गावठाणाचं फिडरही वेगळं झालं. थ्री फेज बंद राहण्यावर शेतकऱ्याने तोड काढली. कंडेन्सर लावून त्याने थ्री फेजची मोटार सिंगल फेजवर पळवली. ही तोड कायद्यात बसणारी नव्हती, आणि तिने गावातल्या घरांचं व्होल्टेज पार झोपवलं. पण तिच्यामागे एक शुद्ध विद्युतशास्त्रीय समज होती: एकाच फेजवर मोटार नुसती हुं हुं करते, तिला फिरण्याची दिशा कळत नाही, ती दिशा कंडेन्सर देतो. सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची मोटार नेमकी याच तत्त्वावर चालते.

हे यंत्र मराठी घरांत शिरलं ते 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा होता, कारण व्हिडिओकॉनचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला होता. खेड्यांत ते नंतर पोचलं, आणि पोचलं ते मुख्यतः सेमी ऑटोमॅटिकच्या रूपात. नळाला दाब लागत नाही, बादलीने पाणी ओतलं तरी चालतं, मध्येच वीज गेली तर टबात हात घालून कपडे बाहेर काढता येतात. पाणी एक दिवसाआड आणि वीज तिच्या मर्जीने, अशा घराला दुसरं कुठलं यंत्र परवडणार होतं? या यंत्राची रचना इतकी उघडी होती की पाठीमागचं झाकण चार-सहा स्क्रूंनी निघायचं आणि आतला सगळा संसार एका नजरेत दिसायचा: धुण्याची मोटार, ड्रायरची मोटार, एक बेल्ट, एक ब्रेक, दोन टायमर आणि बहुतेक वेळा एकाच डबीत बसवलेले दोन कंडेन्सर.

यातला सगळ्यांत दणकट भाग कोणता? मोटारच. निकोला टेस्लाने 1888 मध्ये जिचं पेटंट घेतलं त्या इंडक्शन मोटारीच्या कुळातली ती आहे. तिच्या फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, म्हणून तिच्यात कार्बन नाही, घासणारा संपर्क नाही. झिजण्यासारखं आहे ते फक्त बुश किंवा बेअरिंग. कंडेन्सर मात्र उन्हाने, उष्णतेने आणि वयाने हळूहळू उतरतो. टायमरचे पॉइंट काळे पडतात, बेल्ट सैल होतो, ड्रायरच्या झाकणाखालचा स्विच अडकतो, ब्रेकची तार ताणून सुटते. आणि यंत्र बुडाशी उघडं असेल तर उंदीर आत शिरून वायर कुरतडतात, याचा अंदाज कंपनीच्या पुस्तिकेतही फारसा नसतो. मोटारीपर्यंत वीज आणि मोटारीपासून जोर नेणारी ही सगळी साखळी मोटारीहून नाजूक आहे. साखळी कुठेही तुटली तरी घराला दिसतं ते एकच, मशीन फिरत नाही. म्हणून निदानाचा क्रम बाहेरून आत जायला हवा, आणि आपण नेमके उलटे जातो.

हा क्रम जवळून पाहू. मशीन मुकंच असेल, ना आवाज ना थरथर, तर वीज मोटारीपर्यंत आलेलीच नाही. प्लग, वायर, टायमर, ड्रायर असेल तर झाकणाचा स्विच, या वाटेने शोध घ्यायचा. मशीन घुमत असेल पण फिरत नसेल, तर वीज पोचली आहे, दिशा मिळालेली नाही किंवा काहीतरी अडलं आहे. प्लग काढून ड्रायरचा डबा हाताने फिरवून पाहावा. तो जड जात असेल तर ब्रेक चिकटला आहे, डब्याच्या फटीतून एखादा मोजा खाली उतरला आहे किंवा बुश गंजला आहे. मोकळा फिरत असूनही वीज दिल्यावर नुसता घुमत असेल, तर पहिला आरोपी कंडेन्सर. मोटारीचा आवाज सुरळीत आहे आणि टबातली चकती मात्र दमून थांबते, तर बेल्ट. अर्धा तास चालून बंद पडतं आणि गार झालं की पुन्हा चालतं, तर मोटारीतलं उष्णतेचं संरक्षण आपलं काम करतं आहे. तेव्हा मोटार कशामुळे तापते, हे शोधायचं. इथे झरीचा भूतकाळ आडवा येतो. इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 230 ऐवजी 160 व्होल्ट मिळाले तर जोर निम्म्याच्याही खाली जातो. ओली गोधडी टाकलेला टब त्या जोरावर हलत नाही, आणि अडलेली मोटार वीज पिऊन तापत राहते. अशा वेळी दोष मोटारीचाही नसतो आणि कंडेन्सरचाही नसतो, तो डीपीवरच्या भाराचा असतो.

मग खरोखर मोटारीची पाळी येते तेव्हा साध्या मीटरने तिची उलटतपासणी होते. प्लग काढलेला, कंडेन्सर बल्बमधून उतरवलेला, मोटारीच्या तीन वायरी मोकळ्या केलेल्या. धुण्याची मोटार दोन्ही दिशांना सारखीच फिरायची असते, म्हणून तिची दोन्ही वेटोळी सारखी असतात. दोन जोड्यांत समजा वीस-वीस ओहम आले, तर तिसऱ्या जोडीत चाळीस यायला हवेत. ड्रायर एकाच दिशेने फिरतो, त्याच्या मोटारीत वेटोळी असमान असतात, पण तिसरा आकडा पहिल्या दोघांची बेरीज हा नियम तोच. बेरीज जुळत नसेल किंवा वायर आणि मोटारीचं लोखंडी अंग यांच्यात मीटर बोलत असेल, तर मोटार गेली म्हणायला हरकत नाही. पण एकदम काहीच दाखवलं नाही तरी घाई नको. काही मोटारींत वेटोळ्यांच्या अंगाला एकदाच उडणारा फ्यूज बांधलेला असतो. तो उडाला की शाबूत मोटारही मेल्यासारखी वाटते. तो कशामुळे उडाला हे न शोधता नवीन बसवला तर मात्र आगीशी खेळ होतो. आणि गेलेल्या ड्रायरच्या मोटारीवर बऱ्याचदा वरून घाला झालेला असतो: डब्याखालचं रबरी सील फाटतं, पाणी दांड्यावरून थेंब थेंब उतरून बुशावर पडतं, बुश गंजून धरतो. खाली मोटार बदलली आणि सील तसंच ठेवलं, तर नव्या मोटारीचंही तेच होणार.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. ओली फरशी, ओले हात, अर्थिंगची खात्री नाही, अशा जागी हौशी माणसाने झाकण उघडू नये असं म्हणणं चुकीचं नाही. पण माझा मुद्दा निदानाचा आहे, दुरुस्तीचा त्यानंतर. वरच्या तपासणीतला मोठा भाग कानाने, नाकाने आणि प्लग काढून हाताने होतो. मीटर आणि झाकण ज्याला येत नाही त्याने कारागिरावर सोडावं, त्यात कमीपणा नाही. दुसरा आक्षेप असा की कारागीर आहेच तर घरच्यांनी डोकं का चालवावं? कारण कारागीर येतो परभणीहून, त्याचा एक हेलपाटा त्यालाही महाग पडतो आणि घरालाही. ‘मोटार गेली’ असा फोन गेला तर तो मोटार घेऊन येईल. ‘घुमते, हाताने मोकळी फिरते’ असं सांगितलं तर तो खिशात कंडेन्सर टाकून येईल. इथे कुणाच्या लबाडीचा प्रश्नच नाही. प्रामाणिक माणसालाही ऐकीव निकालावर सामान आणावं लागतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे: हे सगळं जुन्या यंत्रांचं पुराण झालं. आता इन्व्हर्टरची मशीन आली, मोटारीला कंडेन्सर नाही, तिला चालवतो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड. हे मान्य करायला हवं. बोर्डाचा दोष कानाला ऐकू येत नाही, आणि तीन वायरींच्या मोजमापातून मोटारीविषयी कळलं तरी बोर्डाविषयी काही कळत नाही. पण पडद्यावर दिसणारा एररचा आकडा हेही निदानच आहे, फक्त ते वाचण्याची किल्ली कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग किमान दहा वर्षं मिळाले पाहिजेत असा नियम केला. त्यातही मोटार आणि तिचे कार्बन व्यावसायिक कारागिरांसाठी राखले, सामान्य ग्राहकाच्या हाती दरवाजा आणि सील असे भाग दिले. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी माहिती तिथे ठेवावी अशी अपेक्षा आहे. पण कंपनीच उरली नाही तर माहिती कोण देणार? चितेगावची व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिची जुनी सेमी ऑटोमॅटिक मशीन दुरुस्त होऊ शकतात ती कंपनीच्या कृपेने नव्हे, तर त्यांचा कंडेन्सर, सील, टायमर आणि मोटारसुद्धा बाजारात कुठल्याही नावाची चालते म्हणून.

त्या जुन्या बऱ्याच यंत्रांच्या पाठच्या झाकणावर जोडणीचा नकाशा चिकटवलेला असे: कोणत्या रंगाची वायर टायमरला, कोणती कंडेन्सरला, कोणती मोटारीला. पाठ भिंतीकडे असल्याने घरात तो क्वचितच कुणी वाचला. नव्या यंत्राची पाठ कोरी असते आणि पुढे दर्शनी भागावर ग्राहक सेवेचा टोल फ्री नंबर असतो.