हार्ट अटॅक साहेबाला की शिपायाला?



‘हुद्दा मोठा, तेवढं टेन्शन मोठं, आणि टेन्शन मोठं म्हणजे हार्ट अटॅक ठरलेला.’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. एके काळी डॉक्टर मंडळींचाही साधारण असाच समज होता. हा समज कसा मोडला, आणि त्यातून कामाच्या ठिकाणाबद्दल काय कळलं, ते आज पाहू.

लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा रस्ता आहे. ब्रिटिश सरकारची महत्त्वाची खाती तिथे आहेत. 1967 मध्ये सरकारी नोकरीतल्या 40 ते 64 वयाच्या सतरा हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, सगळ्याची नोंद झाली. मग पुढची काही वर्षं कोण कशाने दगावलं याचा हिशेब ठेवला गेला.

1978 मध्ये मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे शिपाई-निरोप्यांमध्ये, सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या 3.6 पट होते! आणि एक लक्षात घ्या, हा गरीब-श्रीमंत इतका सरळ मामला नव्हता. मधल्या पायऱ्यांवरही तेच चित्र दिसलं. चांगला पगार असलेला अधिकारीसुद्धा त्याच्या वरच्या पायरीवरच्या माणसापेक्षा जास्त धोक्यात होता. शिवाय ब्रिटनमध्ये 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा सर्वांना उपलब्ध होती.

आता तुम्ही म्हणाल, खालचे लोक सिगारेट जास्त ओढत असतील. बरोबर आहे, ओढत होतेच. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा वाटा वजा केला, तरी तफावतीचा मोठा भाग उरलाच. तो कुठून आला?

इथे कामाचं मानसशास्त्र मदतीला येतं. अमेरिकन संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये एक साधी मांडणी केली. प्रत्येक कामाबद्दल दोन प्रश्न विचारायचे. पहिला, कामाचा रेटा किती? दुसरा, ते काम कसं करायचं हे ठरवण्याची मुभा किती? नुसत्या रेट्याने माणूस मोडतोच असं नाही. रेटा भरपूर आणि मुभा शून्य, ही जोडी घातक. साहेबाला काम खूप असतं, पण आज काय करायचं आणि उद्यावर काय ढकलायचं हे पुष्कळदा तोच ठरवतो. खालच्या माणसाला ती सोय नसते.

1985 मध्ये व्हाइटहॉलचा दुसरा अभ्यास सुरू झाला. या वेळी स्त्रियाही होत्या; एकूण 10,308 जण. कामावर मुभा कमी असलेल्यांमध्ये पुढे हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. शंका अशी येते की, मुळातच वैतागलेला माणूस ‘मला मुभा नाही’ असं म्हणणारच. म्हणून संशोधकांनी नुसतं कर्मचाऱ्यांना विचारलं नाही, तर त्या-त्या कामात मुभा किती आहे याचं मूल्यमापन वरिष्ठांकडूनही करून घेतलं. तरीही निष्कर्ष त्याच दिशेचा आला. याच अभ्यासात कामाची परिस्थिती आणि नैराश्य यांचाही संबंध दिसला.

शरीरात काय होतं? संकट आलं की ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, रक्तदाब चढतो, साखर वाढते. संकट टळलं की सगळं खाली येतं. पण संकट रोजचं असेल आणि त्यावर आपला काहीच इलाज चालत नसेल, तर शरीराला पुरती उसंत मिळत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. 2012 मध्ये युरोपातल्या सुमारे दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. रेटा जास्त आणि मुभा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे 23 टक्के जास्त निघाला. धूम्रपानाचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. शिवाय हे अभ्यास संबंध दाखवतात, त्यावरून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही. तेव्हा ‘नोकरीनेच मारलं’ असा निकाल कुणा एका माणसाबद्दल देता येत नाही.

मग यातून घ्यायचं काय? कर्मचाऱ्यांवर ताण आहे म्हटलं की बहुतेक ठिकाणी योगाचा वर्ग किंवा एखादं शिबिर ठेवतात. ते वाईट नाही. पण त्यात दुरुस्ती माणसाची होते, कामाची नाही. पाळ्या लावताना ज्यांना त्या करायच्या आहेत त्यांना विचारणं, कामाचा क्रम त्यांना ठरवू देणं, त्यांची सूचना ऐकून घेणं, याला पैसा फारसा लागत नाही. तुमच्या हाताखाली दोन माणसं असोत की दोनशे, त्यांच्या दिवसातलं काय-काय त्यांच्या हातात आहे, एवढं एकदा मोजून बघा. मुभा देणं हा वरिष्ठांचा मोठेपणा नाही; तो आरोग्याचा प्रश्न आहे.